हिंवाळ्यापूर्वीं एका मांजरीसाठीं घर

मांजरावर निबंध लिहावयास सांगितलें म्हणजे आपणांपैकीं बहुतेकजण एकाच वाक्यानें आरंभ करितात : "मांजर हा एक पाळीव प्राणी आहे." गेल्या वर्षीं दसऱ्याच्या सुमारास आमच्या वसतिगृहाच्या आवारांत करड्या पट्ट्यांची एक मांजरी येऊन राहिली, तेव्हां या वाक्याचा अर्थ काय, हें इयत्ता आठवीच्या मुलांना प्रथमच शोधावें लागलें. ज्या अर्थीं ती माणसाला पाहून पळत नसे, त्या अर्थीं कोणी तरी तिला एकदां पाळिलें असावें. आणि ज्या अर्थीं तिच्या बरगड्या मोजतां येत होत्या, त्या अर्थीं आतां तिला कोणीच पाळीत नव्हतें. पाळणारा नाहीं असा पाळीव प्राणी, अशी तिची स्थिति होती.

वसतिगृहाच्या न्हाणीघराबाहेर पाणी तापविण्याचा मोठा बंब आहे. पहाटे पेटविलेला हा बंब शाळेची घंटा होईपर्यंत विझतो. परंतु त्याच्या खालची राख दुपारपर्यंत कोमट राहते. मांजरीनें नेमकी हीच जागा पसंत केली. राखेंत लोळून तिचें अंग सदा भुरकट दिसे, म्हणून मुलें तिला राखी म्हणूं लागलीं. जेवणाच्या वेळीं ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशीं येई आणि जें मिळेल तें खाई. असा महिना गेला. मग एके दिवशीं प्रार्थनेनंतर एका मुलानें मला विचारलें, "गुरुजी, नाताळच्या सुट्टींत राखीचें काय होणार?"

प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. नाताळांत वसतिगृह बंद होतें. चूल बंद, बंब बंद, मुलें आपापल्या गांवीं. आणि आपला हा टापू नाशिक जिल्ह्यांतील निफाडच्या बाजूचा! महाराष्ट्रांत थंडीचा कडाका कोठें पडला याची बातमी येते तेव्हां बहुधा निफाडचें नांव तींत असतें. कित्येक वर्षीं डिसेंबरअखेरीस येथें पारा ५ अंशांच्याही खालीं उतरतो. घड फुटूं नयेत म्हणून द्राक्षबागाईतदार रात्रीं बागेंत शेकोट्या पेटवितात. ज्या पंधरवड्यांत द्राक्षांसाठीं माणसें जागतात, त्याच पंधरवड्यांत ही मांजरी अन्नावांचून आणि उबेवांचून एकटी राहणार होती. तिच्यासाठीं घर शोधावयाचें तर हातांत सहा आठवडे होते.

एका भल्या गृहस्थांनीं आम्हांस सोपा उपाय सुचविला : "पोत्यांत घाला आणि गोदावरीच्या पलीकडे सोडून या. कोणाच्या तरी घरीं जाईल." हा उपाय आपल्याकडे इतका रूढ आहे कीं सांगणाऱ्याला त्यांत क्रूरपणा दिसत नाहीं, आणि त्या गृहस्थांचाही हेतु वाईट नव्हता. परंतु त्यांत दोन दोष आहेत. पहिला असा कीं मांजर पुष्कळदां परत येतें. फ्रान्सिस हेरिक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९२२ सालीं एका मांजरीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पिलांपासून दूर, कांहीं मैलांच्या अंतरावर नेऊन सोडलेली ती आई पुनः पुनः आपल्या पिलांकडे परत आली. आणि जें मांजर परत येत नाहीं तें सुखांत असतें असें नाहीं. अनोळखी गल्लींत तेथील बोके त्याला टिकूं देत नाहींत, भक्ष्य कोठें मिळतें तें ठाऊक नसतें आणि रस्ता ओलांडतांना तें बहुधा गाडीखालीं सांपडतें. दुसरा दोष कायद्याचा. १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणें, उपासमारीनें वा तहानेनें हाल होतील अशा स्थितींत जनावर सकारण नसतां टाकून देणें हा अपराध आहे. हा कायदा होण्यास मूळ कारण झाल्या त्या सुप्रसिद्ध नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल. राज्यसभेच्या सदस्य असतांना त्यांनीं या विषयाचें विधेयक स्वतः मांडिलें होतें. पोत्याचा उपाय आम्ही सोडून दिला.

घर शोधण्यापूर्वीं एक गोष्ट करावी लागते, ती बहुतेक लोक विसरतात. तिला घर आहेच कीं काय, हें पाहणें! मांजर एका घरीं निजतें, दुसऱ्या घरीं जेवतें आणि तिसऱ्या घरच्या गच्चीवर ऊन खातें. तिन्ही घरचे लोक त्याला आपलेंच समजतात. मांजरी आपलीं पिलें सात घरें फिरविते असा आपल्या आजीबाईंचा समज आहे. आकडा सोडला तर त्यांत तथ्य आहे, कारण जागेचा धोका वाटतांच ती पिलांना तोंडांत धरून हलविते. (श्रीवैष्णव तत्त्वज्ञानांत ईश्वरकृपेला मार्जारकिशोरन्यायाचा दृष्टांत देतात तो यावरूनच. माकडाचें पिलूं आईला स्वतः धरून ठेवतें, मांजराच्या पिलाला आई धरते.) तेव्हां आम्ही असें केलें. पातळ कागदाच्या पट्टीवर "ही मांजरी आपली आहे काय? असल्यास कृपा करून येथें लिहावें" असें लिहून ती पट्टी तिच्या गळ्याभोंवतीं सैल चिकटविली. पट्टी कागदाचीच पाहिजे, दोऱ्याची वा फितीची नको. कोठें अडकली तर ती फाटली पाहिजे, नाहीं तर मांजराला फांस बसतो. तीन दिवसांत दोन पट्ट्या गळून गेल्या. तिसरी चौथ्या दिवशीं परत आली, ती कोरीच. दोन मुलांनीं आसपासच्या आळ्यांत घरोघर विचारिलें. शेवटीं एका घरीं कळलें कीं तें बिऱ्हाड पूर्वीं ज्यांचें होतें ते लोक उन्हाळ्यांत दुसऱ्या गांवीं बदलून गेले, आणि जातांना सामान नेलें, मांजर ठेवलें.

आतां थंडीविषयीं. "तिच्या अंगावर एवढे केस आहेत, तिला थंडी कशाची?" असें एका पालकांनीं विचारलें होतें, त्याचें उत्तर गणितानें देतां येतें. मांजराच्या शरीराची उष्णता ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्यापेक्षां किंचित् अधिक. ज्या हवेंत त्याला ऊब टिकविण्यासाठीं कांहींच जादा श्रम करावे लागत नाहींत, ती हवा शास्त्रज्ञांच्या मतें सुमारें ३० ते ३८ अंशांची. ज्या दुपारीं आपण पंखा शोधतों त्या दुपारीं मांजर सुखांत असतें. मग पांच अंशांची रात्र त्याला किती जड जात असेल! आतां एक सेंटीमीटर बाजूचा एक घन घ्या व दोन सेंटीमीटर बाजूचा दुसरा घ्या. पहिल्याचें पृष्ठफळ ६ व घनफळ १. दुसऱ्याचें पृष्ठफळ २४ व घनफळ ८. पहिल्यांत प्रत्येक घन सेंटीमीटरामागें ६ चौरस सेंटीमीटर पृष्ठ आहे, दुसऱ्यांत केवळ ३. उष्णता उत्पन्न होते ती आंतल्या घनांत आणि निसटते ती बाहेरच्या पृष्ठांतून. म्हणून प्राणी जितका लहान तितकी त्याची ऊब लवकर जाते. नुकतें जन्मलेलें मांजराचें पिलूं सुमारें १०० ग्रॅम भरतें, त्याला पहिले कांहीं आठवडे स्वतःची ऊब नीट राखतां येत नाहीं, आणि आई दूर गेली तर तें उपासापूर्वीं गारठ्यानेंच मरतें. मोठें मांजर थंडींत अंगाचें वेटोळें करून नाक शेपटींत खुपसतें, तें झोपेच्या आवडीमुळें नव्हे. उघडें पृष्ठ कमी करण्याचा तो त्याचा भूमितीचा प्रयोग आहे. केस फुलवितें तेंही त्यांच्यामध्यें हवा कोंडावी म्हणून.

हें समजल्यावर मुलांनीं तात्पुरता निवारा तयार केला. फळांची एक लांकडी पेटी घेतली, तिच्या फटी पुठ्ठ्यानें बुजविल्या, जमिनीची ओल लागूं नये म्हणून खालीं चार विटा ठेविल्या आणि वाऱ्याच्या उलट दिशेस सुमारें १५ सेंटीमीटरांचें एक दार कापलें. एका मुलानें आंत आपली जुनी गोधडी घालण्याचा आग्रह धरिला. त्याचें मन मोठें, पण युक्ति चुकीची. बाहेर ठेवलेलें कापड दंव शोषून घेतें आणि ओलें कापड अंगची ऊब ओढतें. गव्हाचें कोरडें काड मात्र पाणी धरीत नाहीं आणि त्याच्या पोकळ नळ्यांत हवा कोंडून राहते. पेटीही ऐसपैस नको. मांजराच्या स्वतःच्या ऊबेनें आंतली हवा तापावयाची असते, तेव्हां त्याला वळून बसतां येईल एवढीच जागा पुरे. पहिले दोन दिवस राखीनें पेटीकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. तिसऱ्या रात्रीं गार वारा सुटला आणि सकाळीं काडांत खोल खळगा पडलेला दिसला.

येथेंच गाडीवाल्या पालकांस एक विनंती. थंडीच्या दिवसांत मांजरें नुकत्याच थांबलेल्या मोटारीच्या इंजिनाच्या उबेला जाऊन बसतात, व सकाळीं गाडी सुरू होतांच पट्ट्यांत वा पंख्यांत सांपडतात. गाडी चालू करण्यापूर्वीं पुढच्या झांकणावर दोनदां हाताची थाप मारावी. आमच्या शाळेच्या बसचे चालक आतां रोज तशी थाप मारितात.

खाण्याच्या बाबतींत मुलांचें आणि माझेंही अज्ञान मोठें होतें. चित्रांच्या पुस्तकांत मांजर नेहमीं दुधाच्या बशीपाशीं बसलेलें असतें, आणि मांजर डोळे मिटून दूध पितें ही म्हण तर आपल्या तोंडचीच. दूध त्याला आवडतें हें खरें. परंतु पिलाचें वय संपलें कीं दुधांतील साखर पचविणारा रस त्याच्या आंतड्यांत कमी होत जातो आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दुधानें ढाळ होतात. याहून महत्त्वाची गोष्ट टॉरिन नांवाच्या द्रव्याची. हें द्रव्य मांस-मासळींत असतें, वनस्पतींत जवळजवळ नसतें. माणूस आणि कुत्रा तें आपल्या शरीरांत तयार करूं शकतात; मांजराला तें पुरेसें तयार करितां येत नाहीं. त्याच्या अभावीं मांजराचे डोळे अधू होतात असें १९७५ सालीं दिसून आलें, आणि १९८७ सालीं असें सिद्ध झालें कीं त्याच्या अभावानें हृदयाचा स्नायु ढिला पडून मांजर मरतें. म्हणजे नुसत्या दूधपोळीवर किंवा वरणभातावर ठेवलेलें मांजर पोट भरलेलें दिसलें तरी आंतून झिजत असतें. कांदा व लसूण यांनीं त्याचें रक्त बिघडतें, म्हणून फोडणीचा रस्सा त्याला घालूं नये. माणसाच्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर त्याला विषच; अर्ध्या गोळीनेंही मांजरें दगावतात. फरशीला फिनेल लावलें असल्यास ती पुरती वाळेपर्यंत त्याला तीवर फिरूं देऊं नये, कारण तें पाय चाटतें आणि त्या द्रव्याचा निचरा त्याच्या यकृताला साधत नाहीं.

हें सर्व वर्गांत फळ्यावर लिहिलें जात असतां एका मुलाला राखीनें ओरखडलें. अपराध तिचा नव्हता. पेटींत झोंपलेली असतां त्यानें तिला एकदम बाहेर ओढलें. ओरखडा लहान होता, रक्ताचे दोनच थेंब आले होते, आणि घरीं कळलें तर रागें भरतील म्हणून मुलगा तो लपवूं पाहत होता. पालकहो, मुलांना रागें भरूं नका, म्हणजे तीं लपविणार नाहींत. मांजराचा चावा वा ओरखडा झाल्यास ती जागा वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. हळद, चुना, तिखट कांहींही भरूं नये. रेबीजचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मनुष्य वांचणें जवळजवळ अशक्य असतें. परंतु वेळेवर लस घेतली तर तो रोग जवळजवळ होतच नाहीं. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर यांनीं जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस प्रथम दिली, आणि तो वांचला. आमच्या मुलालाही सरकारी दवाखान्यांत लस सुरू केली, सर्व मात्रा नेमलेल्या तारखांस पूर्ण केल्या, आणि मगच त्याला राखीला हात लावूं दिला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत आम्ही तिला पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेलें. नेण्याकरितां झांकणाची वेताची टोपली घेतली आणि वरून पंचा पसरला. अंधार झाला म्हणजे मांजर शांत बसतें. डॉक्टरांनीं दांत पाहून वय दोन वर्षांच्या आंतबाहेर सांगितलें, वजन अडीच किलो भरलें, तें कमी होतें. रेबीजची लस टोंचली, जंतांचें औषध दिलें, आणि विचारिलें, "शस्त्रक्रिया करून घेणार ना?"

या प्रश्नावर वर्गांत वाद झाला. कांहीं मुलांना मांजरीला पिलें होऊं न देणें हें निसर्गाच्या विरुद्ध वाटलें, आणि हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मीं त्यांना हिशेब मांडावयास लाविला. मांजरी चार-पांच महिन्यांची असतांनाच गाभण राहूं शकते. तिचे दिवस सुमारें नऊ आठवडे. एका वेतांत तीन ते पांच पिलें. आणि पिलें पीत असतांनाच ती पुन्हां गाभण राहते. एका वर्षांत एका मांजरीचीं किती होतील तें फळ्यावर आलें. मग मीं एवढेंच विचारिलें, "राखी एक आहे, तिला घर मिळावयाला आपण महिना फिरत आहों. इतक्या पिलांना घरें कोण शोधणार?" ज्या मुलानें सर्वांत जोरानें विरोध केला होता तोच वर्गणीचा डबा घेऊन फिरला. शस्त्रक्रिया झाली. दहा दिवस तिला जुन्या सामानाच्या खोलींत ठेविलें आणि मुलांनीं पाळीपाळीनें तिची मातीची परात साफ केली.

घर शोधण्याचें काम मात्र आम्हीं समजलों होतों तितकें सोपें निघालें नाहीं. "मांजर हवें काय?" असें विचारलें तर होय म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रश्न त्यापुढें सुरू होतो.

पहिला होकार एका भुसार दुकानदारांचा आला. त्यांच्या गोदामांत उंदीर फार झाले होते. आम्हांला वाटलें, यापरतें उत्तम तें काय? परंतु गोदाम पाहावयास गेलेल्या मुलांना कोपऱ्याकोपऱ्यांत विषाच्या वड्या दिसल्या. विष खाऊन झिंगलेला उंदीर मांजराच्या हातीं सहज सांपडतो, आणि कित्येक विषें अशीं आहेत कीं तो उंदीर खाल्ल्यानें मांजरही मरतें. विष काढाल काय असें मुलांनीं विचारलें. दुकानदारांनीं प्रामाणिकपणें सांगितलें कीं धान्याचा हंगाम चालू असतां तें शक्य नाहीं. मुलें आभार मानून परत आलीं.

दुसरें घर आमच्याच एका विद्यार्थिनीचें. कुटुंब सुशील, घर मोठें, मुलें उत्सुक. तें कुटुंब कडक शाकाहारी आहे. तिच्या आईला टॉरिनची हकीगत सांगितली तेव्हां त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही सांगितलें तें बरें झालें. मासळी आमच्या घरांत यावयाची नाहीं, आणि तिला उपाशी मारण्याचें पाप आम्हांला नको." मला त्या बाईंविषयीं फार आदर वाटला. पुढें त्यांनीं वर्गणीच्या डब्यांत टाकलेली रक्कम सर्वांत मोठी होती.

एव्हांना डिसेंबर लागला होता. चर्चमध्यें आगमनकाळाचीं गीतें सुरू झालीं होतीं आणि पहाटे मैदानावर दंव पडूं लागलें होतें. मुलांपैकीं कित्येकांनीं राखीला आपल्याच गांवीं नेण्याची तयारी दाखविली. पण घरीं विचारल्याशिवाय दिलेलें वचन तें वचन नव्हे, आणि अचानक हातांत पडलेली भेट दोन आठवड्यांनीं पुन्हां रस्त्यावर येते. जिच्या घरीं ती राहणार त्या घरच्या मोठ्या माणसानें विचार करून होय म्हटलें पाहिजे, असा आमचा नियम होता.

मग बाजारपेठेमागच्या आळींत राहणाऱ्या एका वृद्ध बाईंचें नांव कोणी तरी सुचविलें. त्या पूर्वीं परिचारिका होत्या; मूल नाहीं, यजमान वारलेले. त्यांची मांजर चौदा वर्षें जगून आदल्या वर्षीं मेली होती. दोन मुलें त्यांच्याकडे गेलीं, तीं तशींच परत आलीं. "आजी नको म्हणाल्या," त्यांनीं सांगितलें. "म्हणाल्या, एकीला मातींत घातलें, आतां पुरे. आणि म्हणाल्या, मी पंचाहत्तर वर्षांची, मी आधीं गेलें तर तिचें कोण पाहील?"

हा शेवटचा प्रश्न मला खरा वाटला. म्हातारपणीं मांजर पाळूं नये असा त्याचा अर्थ नव्हे. त्या प्रश्नाला उत्तर असलें पाहिजे एवढाच त्याचा अर्थ. मुलांनीं आपसांत बोलून, मला न विचारतां, एक कागद तयार केला. त्यांत लिहिलें होतें कीं आजींना कधीं बरें वाटेनासें झालें किंवा कोठें जावें लागलें तर राखीला सांभाळण्यास पुढील तीन घरें बांधलेलीं आहेत, आणि खालीं तीन मुलांच्या आईवडिलांच्या सह्या होत्या. तो कागद घेऊन तीं पुन्हां गेलीं. आजींनीं चष्मा लावून तो दोनदां वाचला. "सह्या खऱ्या आहेत ना रे बाळांनो?" एवढेंच विचारिलें. मग म्हणाल्या, "आणा. पण मी तिला मांडीवर घेणार नाहीं हो."

नाताळच्या सुट्टीला आठ दिवस राहिले असतां राखी त्यांच्या घरीं गेली. नव्या घरीं मांजर नेण्याची रीत मुलांनीं आधींच वाचून ठेविली होती. माणूस कुत्र्याचें घर असतो, मांजराचें घर म्हणजे जागा. म्हणून तिला प्रथम सारें घर न दाखवितां एकच खोली द्यावी, दार-खिडकी लावून घ्यावी, आणि जिच्यावर ती निजत होती तें काड वा कापड न धुतां बरोबर न्यावें. मांजर गाल घांसून आपला वास वस्तूंना लावतें, आणि तो वास हीच त्याच्या घराची खूण. बाहेर सोडण्याची घाई करूं नये. दोन-तीन आठवडे आंत राहिलें म्हणजे तें त्याच घरीं परतूं लागतें. त्याच्याकडे टक लावून पाहूं नये; सावकाश डोळे मिटून उघडावेत. इंग्लंडांतील संशोधकांनीं २०२० सालीं दाखविलें कीं माणसानें असे डोळे मिचकाविले तर मांजर बहुधा उलट तसेंच करितें आणि जवळ येण्यास कमी कचरतें. आजींना हें सांगतांच त्या म्हणाल्या, "तें मला ठाऊक आहे. त्याला शास्त्र म्हणतात हें ठाऊक नव्हतें."

पहिले चार दिवस राखी खाटेखालून बाहेर आली नाहीं. रात्रीं सर्व निजल्यावर ताटली रिकामी होई, एवढीच काय ती तिची खबर. आजी तिच्यासाठीं बोंबिलाची सुकट आणीत, मिठाचा अंश जावा म्हणून ती दोन पाण्यांतून धुवून बिनमिठाची उकडीत, व थोड्या भातांत कालवीत.

अशा कामांचा इतिहास पाहूं गेलें तर त्यांत फार मोठीं नांवें नसतात. मुक्या जनावरांच्या छळाला आळा घालणारी पहिली मोठी संस्था लंडनमध्यें १८२४ सालीं एका कॉफीगृहांतील सभेंत निघाली. विल्यम विल्बरफोर्स तेथें होते, त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु ती सभा बोलावणारे धर्मोपदेशक आर्थर ब्रूम यांनीं त्या कामासाठीं आपली वृत्ति सोडली, आणि संस्थेच्या कर्जापायीं ते तुरुंगांत गेले, हें फार थोड्यांना ठाऊक असेल. मेरी टील्बी या बाईंनीं १८६० सालीं लंडनमध्येंच बेवारशी कुत्र्यांसाठीं आसरा काढिला, तेव्हां लोक त्यांना हंसले. तोच पुढें बॅटरसी येथें गेला, आणि १८८३ पासून तेथें मांजरांनाही घेऊं लागले. मुंबईची प्राणिक्रौर्य प्रतिबंधक संस्था १८७४ मधली. परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय तिचेंच. आमच्या मराठी बायबलच्या नेहमींच्या प्रतींत सिंह, उंट, गाढव, चिमणी यांचीं नांवें पुष्कळ आहेत, पण घरगुती मांजराचें एकदांही नाहीं, असें एका मुलानें शोधून मला दाखविलें. रोमन कॅथलिक प्रतींत यिर्मयाच्या पत्रांत तें एकदां येतें, असें मीं त्याला सांगितलें. त्यावर त्याचें समाधान झालें नाहीं.

वसतिगृह २१ डिसेंबरला बंद झालें. जाण्यापूर्वीं मुलांनीं बंबाजवळची पेटी मोडली नाहीं. काड बदलून तशीच ठेविली, कारण दुसरा एक पिवळा बोका रात्रीं तेथें येतो असा पहारेकऱ्याचा दाखला होता. त्याच्या पाण्याचें व खाण्याचें पहारेकऱ्यानें पत्करलें.

जानेवारींत शाळा उघडल्यावर तीं दोन मुलें आजींकडे गेलीं. दार उघडण्यास वेळ लागला. "थांबा रे, उठतां येत नाहीं," आंतून आवाज आला. आजी उन्हांत खुर्चीवर बसल्या होत्या आणि राखी त्यांच्या मांडीवर निजली होती. मुलांनीं वजनकांटा बरोबर नेला होता. तीन किलो दोनशें ग्रॅम भरलें.